काटेचेंडू आणि एकच लोटा

सन १३४९ फसली, दै महिन्याची वीस तारीख, सकाळचे आठ. प्रकरण तेव्हा सुरू झाले. निजामाच्या राज्यात सरकारी कामाला फसली सन चालत असे. इंग्रजी हिशेबाने ते १९३९ सालचे नोव्हेंबर. दिवाळी सरली होती, रमजानची ईदही होऊन गेली होती. परभणीला तालुकदारसाहेबांच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांच्या, बंगल्यात मी माळी होतो आणि मागच्या व्हरांड्याच्या पायरीशी बसून गुलाबाच्या वाळल्या काड्या छाटीत होतो. आत चहा चालला होता. बांबूच्या चिकाआडून, म्हणजे पडद्याआडून, आवाज आला.

"दुल्हन, ये मेज पर क्या रखा है? बाग के गुलाब मर गए क्या?"

गुलाब मेले नव्हते. मी त्यांच्यासमोरच बसलो होतो. मी मान वर केली नाही. हात मात्र थांबवला.

बोलणाऱ्या बाई म्हणजे साहेबांच्या वडील भगिनी. त्यांना सगळा बंगला आपाजान म्हणे. दरवर्षी ईद झाली की त्या हैदराबादहून येत, महिनाभर राहत आणि परभणीत काय काय नाही याची रोज उजळणी करीत. ज्यांना त्या दुल्हन म्हणत, त्या साहेबांच्या बेगम. बेगमसाहेब परभणीजवळच्या झरी गावच्या. वडिलांची तिथे जमीन होती, बालपण शेताच्या बांधावर गेले होते. सासरच्या माणसांत त्या शुद्ध उर्दू बोलत; बागेत माझ्याशी आणि माझ्या घरच्यांशी बोलताना झरीचे बोलत. हे बोलणे हैदराबादच्या सासरच्या हवेलीत कोणाच्या कानावर गेले की हसण्याला विषय होई, हे सर्वांना ठाऊक होते.

मेजावर बिदरी फुलदाणीत बेगमसाहेबांनी काटेचेंडू ठेवले होते. हे झाड माळरानावर, बांधावर, रस्त्याच्या कडेला आपोआप उगवते. उंची हात-दीड हात, पाने पांढुरकी आणि काटेरी, आणि प्रत्येक फांदीच्या माथ्यावर लिंबाएवढा गोल चेंडू. थंडी पडली की त्या चेंडूवर बारीक निळसर फुले वरून खाली उमलत येतात. उंट आवडीने खातो म्हणून त्याला उंटकटाराही म्हणतात. शेतकरी त्याला जे म्हणतात ते छापण्याजोगे नाही.

"फूल है, आपाजान," बेगमसाहेब म्हणाल्या.

"ये फूल नहीं, काँटा है. फूल वो होता है जिसे आदमी अपने हाथ से पानी दे. इसे किसने पानी दिया? कचरे को कौन पानी देता है?"

मग बशीत कप ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर बेगमसाहेबांनी पैज लावली. पुढच्या वर्षी हेच झाड बागेत लावीन आणि आपाजानना ते फूल असल्याचे कबूल करायला लावीन. न जमल्यास आपाजान ज्या गोष्टीसाठी चार वर्षे मागे लागल्या होत्या ती करीन: परभणी सोडून हैदराबादच्या हवेलीत जाऊन राहीन. साहेब फिरतीवर असतात, एकट्या बाईने या धुळीत कशाला राहावे, हा आपाजानचा मुद्दा होता. झरीला म्हातारे वडील आहेत आणि हवेलीत आपल्या तोंडाकडे पाहून हसणारी माणसे आहेत, हा बेगमसाहेबांचा. तालुकदारसाहेब समोर बसले होते. त्यांनी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. आणखी एक पेला चहा मागवला. जिल्ह्याचा कारभारही ते याच पद्धतीने करीत आणि तो बरा चालला होता.

"अप्पा!" चिकाआडून बेगमसाहेबांनी मला हाक दिली.

"जी, सरकार."

"ऐकलाव का?"

"न्हाई, सरकार."

"मंग ऐका. पुढच्या थंडीत ह्या जागंला काटेचेंडू फुलला पाह्यजे."

मी "व्हय, सरकार" म्हणालो. ज्या हाताने आयुष्यभर काटेचेंडू उपटला, त्याच हाताने तो लावण्याचा हुकूम मला असा मिळाला.

बंगल्याच्या माळ्याचे काम झाडांशी असते अशी बाहेरच्यांची समजूत आहे. झाडांना हवा, माती आणि पाणी लागते; ती मिळाली की ती आपली वाढतात. काम असते ते माणसांशी. मी ज्यांच्या हाताखाली राहिलो त्यांतील एका साहेबांना मधमाश्या नसलेली फुलबाग हवी होती. दुसऱ्या एकांनी पारिजातकाची फुले पहाटे जमिनीवर पडलेली पाहिली आणि ही माळ्याची हयगय असल्याचा शेरा मारला. मी दोन्ही वेळा "जी, सरकार" म्हणालो आणि दोन्ही वेळा साहेबांची बदली होईपर्यंत वाट पाहिली. बदली हे माळ्याचे सर्वांत भरवशाचे खत आहे. पण या खेपेला बदलीची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. बेगमसाहेब हैदराबादला गेल्या असत्या तर साहेबांनी बंगल्याची मागची बाजू बंद केली असती आणि मागची बाग म्हणजेच मी होतो.

या मागच्या बागेचा एक नियम सांगितला पाहिजे. ती जनानी बाग. तिथे घरातल्या स्त्रिया मोकळ्या फिरत. पुरुषाने तिथे पाऊल टाकण्यापूर्वी आपण आल्याची खूण द्यायची. कोणी टाळी वाजवीत, कोणी हाक देत. मी खोकत असे. मी मेंदीच्या कुंपणाशी येऊन खोकलो की आत पायांची सळसळ होई, दार वाजे आणि मग मी आत जाई. इतक्या वर्षांत मी एकदाही न खोकता आत गेलो नाही. बेगमसाहेबांचा चेहरा मी पुरा पाहिला नाही. आवाज मात्र अजून ओळखीन.

पहिला प्रयत्न मी आळसाने केला. चुडाव्याच्या रस्त्याच्या कडेची फुललेली झाडे मातीसकट उचलून आणली आणि लावली. दुपारपर्यंत त्यांनी माना टाकल्या. काटेचेंडूचे सोटमूळ सरळ खाली जाते आणि ते तुटले की झाड संपते. त्याला जिथे राहायचे तिथेच जन्मावे लागते. तेव्हा बी आणले पाहिजे. पौष-माघात चेंडू वाळतात. मी झरीला गेलो. बेगमसाहेबांच्या वडिलांच्या शेताशेजारी एक शेतकरी तूर काढीत होता. मी त्याला बांधावरचे वाळले चेंडू मागितले.

"कशाला?"

"लावायला."

त्याने विळा खाली ठेवला. "ह्ये? बंगल्यात?"

"व्हय."

"आवो अप्पा, आमच्या आज्यापासून आमी ह्ये उपटायलाव. न्या की, सगळं न्या. वरून दोन भाकरी बांधून देतो. पन उद्या इचारू नगा, गाजरगवत बी देता का म्हनून."

हे शेवटचे वाक्य मी कदाचित नंतरच्या काळातले त्याच्या तोंडी घालत असेन, कारण गाजरगवत तेव्हा आमच्याकडे आले नव्हते. पण भाकरी त्याने खरोखर दिल्या. मी खाल्ल्या. बियांचे काटेरी चेंडू धोतराच्या सोग्यात बांधून आणले. बैलगाडीत माझ्या शेजारी बसलेला प्रवासी दर धक्क्याला माझ्यापासून वीतभर दूर सरकत गेला आणि परभणी येईपर्यंत मागच्या दांड्यावर जाऊन बसला.

बंगल्याची जमीन काळी, उत्तम. काटेचेंडूला उत्तम जमीन सोसत नाही. काळ्या मातीत पाणी थांबते आणि याचे मूळ कुजते. म्हणून व्हरांड्यासमोरची काळी माती मी कमरेइतकी काढून टाकली आणि तिथे मुरूम भरला, वर उंचवटा केला. मुरूम आणणारा गाडीवान खेप ओतून माझ्याकडे पाहत उभा राहिला.

"लोक मुरूम काढून काळी भरतेत. तुमी काळी काढून मुरूम भरायलाव. अप्पा, घरी समदं बरं हाय ना?"

"बरं हाय. पुढची खेप आन."

"आनतो. पन एकदा वैद्याला दाखवा."

मृगात बी टाकले. पावसाळाभर काही करावे लागले नाही. उंचवट्यावरून पाणी निघून जात होते, रोपे धरली होती. भाद्रपद सरला, पाऊस थांबला आणि आमच्याकडे जी ऑक्टोबरची उन्हे पडतात ती पडली. काटेचेंडूची खालची पाने वाळू लागली, वरची राखी झाली. तहानेने मरायला टेकलेले झाड जसे दिसते तसा तो दिसू लागला. त्याची प्रकृतीच तशी आहे. याच दिवसांत तो आत कळा धरतो. मी सर्वांना स्पष्ट बजावले: या झाडाला पाणी घालू नये. थेंबही नको.

चार दिवसांनी एक रोप आडवे पडले. उपटून पाहिले, मूळ काळे, बुळबुळीत. मग दुसरे. मुरूम हाताला ओला लागत होता.

कोणीतरी पाणी घालत होते.

मी संध्याकाळी उंचवट्याभोवती चुलीतली राख पसरली आणि घरी गेलो. सकाळी खोकून आत आलो तेव्हा राखेवर उमटलेली पावले पाहून मला पहिला विचार आला तो असा की, येथे जत्रा भरली असावी. मोठ्या चपलेचा ठसा होता तो फाटकावरच्या चाऊसचा. चाऊस म्हणजे अरब पहारेकरी. त्यांचे पूर्वज अरबस्तानातून निजामाच्या चाकरीला आले. मी त्याला ठशाजवळ उभे केले.

"चाऊस, पाय ठेव."

त्याने पाय ठेवला. बरोबर बसला.

"एकीच लोटा डाला जी," तो म्हणाला. "अप्पा, मेरे दादा रेगिस्तान से आए. रेगिस्तान का आदमी प्यासे कू देख के चुप नै बैठता."

"हे झाडबी रेगिस्तानाचंच समज. त्याला पानी नक्को."

"हौ, पण उसकू मालूम है क्या?"

मी पुढच्या ठशाकडे वळलो.

दुसरी पावले अनवाणी, जोडव्यांची खूण असलेली. ती ओळखायला मला खाली वाकावे लागले नाही. आम्ही वीरशैव. आमच्यात महादेवाच्या पिंडीवर गळती बांधतात: तळाला भोक पाडलेले पात्र टांगायचे आणि त्यातून थेंब थेंब पाणी पिंडीवर पडत राहायचे. माझ्या पत्नीने, काशीबाईने, उंचवट्याच्या मागच्या बाजूला तीन काटक्यांच्या तिवईवर मातीचे बोळके टांगले होते. पानांआड असल्यामुळे ते मला दिसले नव्हते. माझ्या देखत त्यातून थेंब पडला.

"तुला मी काय सांगितलं होतं?"

"पानी घालू नको म्हनलाव."

"मग?"

"मी कुटं घालायलेय? ते आपलं आपन गळायलंय." तिने बोळके हाताने सरळ केले. "एकच लोटा मावतोय त्याच्यात."

तिसरा ठसा मखमली मोजडीचा होता. मी तो पायाने पुसून टाकला आणि कामाला लागलो. पण चिक हलला.

"अप्पा, राख कामून पसरलाव?"

"मुंग्या हायती, सरकार."

मग हळू आवाजात: "लय ऊन होतं, अप्पा. एकच लोटा घातला."

ज्यांची पैज होती त्यांनीही. आमच्या मुलखात पाण्याची ओढ लहानपणापासून अंगात भिनलेली असते. दारी आलेल्याला भाकरी नसली तर नसू दे, पाणी आधी विचारायचे. चैत्रात पाणपोई आणि मोहरममध्ये फुकट पाण्याची सबील हीच माणसे घालतात. तहानलेले काही डोळ्यांसमोर ठेवून जेवायला बसणे त्यांना जमत नाही. एकेकाचा एकच लोटा. पण एकेक मिळून माझे झाड बुडत होते.

मनाईने भागेना म्हणून मी युक्ती केली. चाऊसला आणि काशीबाईला वेगवेगळे गाठून गंभीरपणे सांगितले की, त्या उंचवट्याखाली जागृत स्थान आहे, मला रात्री दृष्टांत झाला, जवळ जाऊ नये. मी सहसा खोटे बोलत नाही, त्यामुळे दोघांनी विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी उंचवट्यावर लोबानाची राख होती, फोडलेला नारळ होता आणि नारळाचे पाणी झाडाच्या बुडाशी वाहिले होते. त्यावर आणखी एक लोटा साधे पाणी. जागृत स्थानाला कोरडे ठेवणे बरे नव्हे, असे काशीबाईचे म्हणणे पडले. चाऊसचेही तेच.

मी स्थान मागे घेतले. दृष्टांत चुकीचा होता असे म्हणालो. पंधरा दिवसांनी सांगितले की तिथे नाग आहे. मी स्वतः पाहिला, चांगला हातभर लांब. नागाला सगळे भितात. दुसऱ्या दिवशी तिथे दुधाची वाटी होती. नाग दूध प्यायला नसल्यामुळे ते दूध वाया जाऊ नये म्हणून कोणीतरी काटेचेंडूच्या मुळाशी ओतले होते आणि वाटी विसळून ते पाणीही तिथेच टाकले होते.

अर्धी रोपे गेली. उरलेल्यांवर हिरवे, टणक चेंडू दिसू लागले होते आणि ईद जवळ येत होती.

तेव्हा मला माझ्या धंद्याची पहिली गोष्ट आठवली. काम झाडांशी नाही. माणसांच्या हातातला लोटा मला थांबवता येत नव्हता. तो वळवता आला असता. मी मोगऱ्याच्या दोन कुंड्या घेतल्या. एकीला तीन दिवस पाणी दिले नाही. मोगरा तहान लपवत नाही. पाने लोंबतात, फांद्या मान टाकतात, पाहणाऱ्याचे काळीज हलावे असे त्याचे नाटक असते. ती कुंडी मी उंचवट्याच्या पुढे, वाटेवरच ठेवली. दुसऱ्या दिवशी कुंडी चिंब. काटेचेंडू कोरडा. पाणी पिऊन मोगरा टवटवीत झाला की मी त्याला मागे नेई आणि दुसरी, सुकवलेली कुंडी पुढे आणी. दोन मोगऱ्यांनी पाळीपाळीने सर्व बंगल्याची दया अंगावर घेतली. यात मोगऱ्यांचे हाल झाले. पण त्यांची निगा इतक्या लोकांनी याआधी कधी घेतली नव्हती.

ईदनंतर आपाजान आल्या. त्यांच्या येण्याच्या सुमारास पहिला चेंडू माथ्यावर निळा झाला. मग एकामागून एक सगळे. सकाळी त्यांच्यावर मधमाश्या घोंघावत आणि उन्हात त्या निळ्याला एक धातूची झाक येई. मी आयुष्यात पुष्कळ गुलाब फुलवले. त्या निळ्याशेजारी ते मला काही दिवस भडक वाटले, एवढे नमूद करतो.

पुढे आठ वर्षांत राज्य बदलले. बंगल्यात दुसरे साहेब आले, उंचवटा सपाट झाला, मुरूम रस्त्याला गेला. बेगमसाहेबांचे घर कुठे गेले हे मला कळले नाही. ज्यांना विचारावे अशी माणसेही पांगली होती. मी त्या रस्त्याने गेलो की अजून एकदा त्या बाजूला पाहतो.

त्या थंडीत आपाजाननी फुले पाहिली. चिकाआडून मी त्यांचा निवाडा ऐकला.

"नीला हो गया तो क्या. नीला काँटा है."

रोज हेच. बेगमसाहेबांनी मधमाश्या दाखवल्या. आपाजान म्हणाल्या, माश्या गुळावरही बसतात. साहेबांना विचारले, साहेब म्हणाले, दोन्ही बाजूंत तथ्य आहे. महिना सरत आला. परतीचा दिवस ठरला, पूर्णेच्या गाडीसाठी दहाचा टांगा सांगितला गेला. आदल्या दिवशी संध्याकाळी व्हरांड्यात दोन संदुका येऊन बसल्या. एक आपाजानची. दुसरी बेगमसाहेबांची. काशीबाईने ती दुसरी संदूक पाहिली आणि त्या दिवशी जेवली नाही.

मी कुंडी बदलायला आलो तेव्हा चिकाआडून हाक आली.

"अप्पा, मोगऱ्याच्या दोनी कुंड्या उचला. पार मागं न्या, रहाटापाशी."

"सरकार, कुंडी काढली तर लोटे परत इकडं येतील."

"येऊ द्या."

"मूळ कुजंल."

"एका दिवसात न्हाई कुजत. अप्पा, मी रोज सकाळी इथून पाहायलेय. आपाजान नमाज झाली की हातपाय धुवून उरलेलं वजूचं पानी घेऊन येतेत. ते पानी नालीत न्हाई सांडत, झाडाला घालतेत. रोज मोगऱ्याला घालायल्यात." मग आवाजात हसू आले, लहान मुलीचे असावे तसे. "उद्या मोगरा न्हाई. पाहू कुटं घालतेत."

मी कुंड्या उचलल्या. दोन्ही जड होत्या. पाणी भरपूर होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी मेंदीच्या कुंपणामागे बसून गुलाबांच्या आळ्यांना पाणी देत होतो. नियमाप्रमाणे तिथूनच खोकायचे. आत दार उघडल्याचा आवाज झाला. पावले आली. आता खोकलो असतो तर पावले परत गेली असती, पाणी दुसरीकडे पडले असते किंवा पडले नसते. मी घशावर हात ठेवला.

आपाजान हातात तांब्याचा लोटा घेऊन रोजच्या जागी आल्या आणि थांबल्या. कुंडी नव्हती. त्यांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. माझ्या बाजूला नुकत्याच पाणी घातलेल्या गुलाबांची आळी भरलेली होती. नाली चार पावलांवर होती. त्या नालीकडे दोन पावले गेल्याही. लोटा तिरका केला, आणि पुन्हा सरळ धरला. मग परत आल्या आणि काटेचेंडूसमोर उभ्या राहिल्या. खालची वाळलेली पाने त्यांनी दोन बोटांनी चाचपली. काटा लागला असावा, हात झटकला.

"कमबख्त," त्या म्हणाल्या. "सूख के लकड़ी हो गया, और अकड़ देखो."

आणि सगळा लोटा त्याच्या बुडाशी ओतला. घाईने नव्हे, मुळाशी, चारी बाजूंनी, ज्याने झाडे लावली आहेत त्या माणसाने ओतावा तसा.

त्यानंतर मी खोकलो. माझा खोकला आयुष्यात एकदाच उशिरा आला, तो त्या दिवशी.

त्यांनी दचकून ओढणी पुढे घेतली. "कौन?"

"माळी, हुजूर."

"कब से बैठा है?"

"खोकला आत्ताच आला, हुजूर."

हे अक्षरशः खरे होते. पण तोवर चिक वर गेला होता.

"आपाजान," बेगमसाहेबांचा आवाज अत्यंत अदबीचा होता, "आप ही ने फरमाया था. फूल वो होता है जिसे आदमी अपने हाथ से पानी दे."

आपाजाननी हातातल्या रिकाम्या लोट्याकडे पाहिले. मी गुलाबाच्या आळ्याकडे पाहिले.

"एक ही तो लोटा था," त्या म्हणाल्या.

हे वाक्य त्या बागेत मी चौथ्यांदा ऐकत होतो. बेगमसाहेबांना हसू आवरले नाही, मला आवरले.

"वो भी वजू का बचा हुआ," आपाजान पुढे म्हणाल्या. "बेचारा प्यासा था."

"प्यासा नहीं है, आपाजान. यहाँ के लोग ऐसे ही रहते हैं."

रहाटाचा आवाज येत होता. मग आपाजान हसल्या. इतक्या वर्षांत त्यांचे हसणे मी प्रथमच ऐकले. ते साहेबांच्या हसण्यासारखेच होते, पण मोठे.

"मोगरा किसने हटाया? इस खाँसने वाले ने?"

"हुकमावरून, हुजूर," मी म्हणालो.

"किसके?"

मी खोकलो.

"बड़ी चालाक है तू, दुल्हन."

"झरी की हूँ, आपाजान."

"हौ, दिख रहा है." त्या जाता जाता वळल्या. "फूल है. बदसूरत है, मगर फूल है. माली, एक गड्डी बाँध दे. हवेली में कोई पूछेगा तो कहूँगी, हमारी दुल्हन के बाग का है. काँटे उन्हीं को चुभें."

मी कात्रीने जुडी कापली आणि कोरड्या वर्तमानपत्रात बांधली. चाऊस ओले फडके घेऊन धावत आला. त्याला मी परत पाठवले. दहाला टांगा आला. चाऊसने एक संदूक टांग्यात चढवली आणि दुसरी, कोणी सांगण्याची वाट न पाहता, आत नेली. काशीबाईने टांगा फाटकाबाहेर जाण्याआधी भाकरी खायला घेतली. साहेब फाटकापर्यंत पोचवायला आले, आणि परत जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाले की, निकाल योग्य लागला. कोणत्या बाजूने, हे त्यांनी सांगितले नाही.

सगळे गेल्यावर मी उंचवट्याशी आलो. मुरूम ओला होता. कुदळीने एक चारी काढून आपाजाननी घातलेले पाणी खालच्या बाजूला वळवले, मुळाभोवतीची ओली माती सैल करून वर कोरडा मुरूम पसरला, कुदळ धुतली आणि ते धुतलेले पाणी नेऊन मोगऱ्याला घातले.